‘बाक्कारा’ या जोडीचें संगीत

मारिया मेन्दिओला आणि मायते मातेओस या मूळच्या स्पॅनिश दूरचित्रवाणीच्या नृत्यपथकांतील. कॅनरी बेटांपैकीं फुएर्तेव्हेन्तुरा येथें जर्मन प्रवाशांपुढें फ्लामेंको नाचत-गात असतां एका ध्वनिमुद्रिका-कंपनीच्या माणसानें त्यांस हेरलें आणि हांबुर्गच्या रोल्फ सोया या संगीतकाराकडे आणलें. एकीचा वेष काळा, दुसरीचा पांढरा. १९७७ सालच्या ‘येस सर, आय कॅन बूगी’ या गाण्यानें जर्मनींत व इंग्लंडांत पहिलें स्थान पटकाविलें.

हें संगीत स्पॅनिश म्हणावें काय? चाल सोया यांची, इंग्रजी शब्द फ्रांक डोस्टाल या जर्मनाचे, ताल अमेरिकन ‘डिस्को’ नाचघरांतला. स्पेन उरतो तो उच्चारांत व पदन्यासांत. सुटींत समुद्रकिनारीं पाहिलेला स्पेन उत्तरेकडील प्रवाशाला त्याच्याच शहरांत पुन्हां विकला गेला, असें कोणी म्हटल्यास आम्हांस नाकारतां येणार नाहीं. १९७८ सालीं तर या स्पॅनिश जोडीनें लक्झेंबुर्गतर्फे युरोव्हिजन स्पर्धेंत फ्रेंच गाणें गाइलें व सातवा क्रमांक मिळविला!

तरीहि तें पहिलें गाणें टिकलें. आरंभीं नुसते निःश्वास, मग तंतुवाद्यांचा भरदार ओघ, आणि त्यावर किंचित् अवघडलेल्या इंग्रजीचे कुजबुजते स्वर. नायिका नाचावयास राजी आहे; पण गाणें तिच्या पसंतीचें हवें. ही मिस्किल अट तिच्या परक्या उच्चारांत जी खुलते, ती सफाईदार इंग्रजींत खुलली नसती. ‘सॉरी, आय’म अ लेडी’ हें पुढचें गाणें गोड खरें, पण त्याच साच्यांतलें.

१९८० सालीं ‘स्लीपी-टाइम-टॉय’ या गाण्यांत आपला आवाज दाबला गेला, अशी तक्रार मेन्दिओला यांनीं केली. प्रकरण कायद्यापर्यंत गेलें; मुद्रिका मागें घेऊन आवाजांचें प्रमाण नव्यानें जुळवावें लागलें. यास कोणी बायकांचा हेवा म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. चाल, शब्द, वाद्यमेळ सारें परक्याचें असतां गायिकेपाशीं स्वतःचा असा कंठच काय तो उरतो, आणि तोहि यंत्राची कळ फिरवून कमी करतां येत असेल तर तिनें भांडावें कशासाठीं? १९८१ चा ‘बॅड बॉइज’ हा संग्रह सोयांवांचून निघाला. त्याच वर्षीं जोडी फुटली. डिस्कोचा बहरहि तोंवर ओसरला होता. पुढें दोघींनींहि नव्या सहचारिणी घेऊन त्याच नांवावर आपापल्या जोड्या चालविल्या.

२०२० सालीं सर्बियावरील विजयानंतर स्कॉटलंडचे फुटबॉल खेळाडू त्या जुन्या गाण्यावर नाचले आणि तें ब्रिटनमध्यें पुन्हां खपूं लागलें. मेन्दिओला २०२१ च्या सप्टेंबरांत माद्रिद येथें निवर्तल्या.