दुकानातला शिवनेरी

दिवाळीच्या किल्ल्याची समीक्षा लिहावयास बसलो आहे, असे म्हटले तर वाचक हसतील. ज्या अंकात कथा-कादंबऱ्यांची चिकित्सा व्हायची, तिथे पोरांच्या चिखलाच्या ढिगाऱ्याचे काय काम? पण हा ढिगारा आता पोरांचा राहिलेला नाही. तो तयार मिळतो. प्लास्टरचा, रंगवलेला, बुरुजांसकट आणि भगव्यासकट. जी वस्तू नाव लावून आणि किंमत लावून बाजारात येते, तिची चिकित्सा करण्याचा हक्क विकत घेणाऱ्याला असतोच. आणि मी तर साडेसातशे रुपये मोजले आहेत.

आमच्या लहानपणी घोडेगावात किल्ला व्हायचा तो घोड नदीकाठच्या मातीचा. विटांचे तुकडे, त्यावर ओले पोते, पोत्यावर चिखल, चिखलात अळीव आणि मोहरी. पोटातून एक बोगदा काढायचा आणि त्यातून चावीची आगगाडी सोडायची. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आजतागायत आगगाडी आलेली नाही. आमच्या अंगणात मात्र ती दर दिवाळीला वेळेवर सुटे. शिवकाळात आगगाडी कशी, असे कोणी विचारले नाही, आणि मलाही ते आज खटकत नाही. कारण तो किल्ला अमुक एक आहे, असा आमचा दावाच नव्हता. तो ‘किल्ला’ होता, एवढेच.

दुकानातल्या किल्ल्याच्या पायाशी मात्र ठळक अक्षरांत ‘शिवनेरी’ असे लिहिले होते. जुन्नरच्या बाजूचा मनुष्य हे नाव वाचल्यावर डोळे मिटून कसा बसेल? आमची अर्धी हयात तो डोंगर पाहण्यात गेली आहे.

पहिली गोष्ट आकाराची. शिवनेरीचा माथा त्रिकोणी आहे. दक्षिणेला रुंद, आणि उत्तरेकडे निमुळता होत होत कडेलोटाच्या टोकाशी संपणारा. लांबी सुमारे मैलभर, आणि पायथ्यापासून उंची हजार फुटांच्या घरात. दुकानातला शिवनेरी दोन फूट लांब आणि दीड फूट उंच आहे. त्रैराशिक मांडून पाहिले. मैलाचे दोन फूट करायचे तर उंची साडेचार इंचच भरते! दीड फूट उंची हा शिवनेरी नव्हे, वारूळ झाले. अर्थात हेच त्रैराशिक पुढे नेले तर मावळा खसखशीच्या दाण्याहूनही लहान करावा लागेल, हे मला कळते. माणसे प्रमाणात बसत नाहीत, ती बसवूही नयेत. पण डोंगराची ठेवण तरी ओळखू यावी की नाही?

दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते. या किल्ल्याभोवती तटाची अखंड माळ आहे. केकवर साखरेची नक्षी असते तशी. जुन्नरकडच्या गडांचा स्वभावच मुळी असा नाही. इथे खरा तट म्हणजे कडा. निसर्गाने जिथे हयगय केली, तेवढ्याच जागी माणसाने दगड रचले. म्हणून शिवनेरीची सातही दारे एकाच वाटेवर, एकापाठोपाठ एक उभी आहेत. जिथून चढता येते, तिथेच सारा बंदोबस्त. हडसरला तर दरवाजा आणि पायऱ्या कातळातच कोरून काढल्या आहेत. चावंडच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ साली सुरुंग लावून उडवल्या, आणि तेवढ्याने गडाची वाट मोडली. आमचे गड बांधलेले कमी आणि हेरलेले जास्त. मुलाच्या हाती तटाची माळ दिली की ही सगळी अक्कल त्याच्यापासून लपते.

वरच्या इमारतींविषयी फार बोलत नाही. जन्मघराच्या जागी राजस्थानी महालासारखे काहीतरी आहे. बदामी तलाव नाही, गंगा-जमुना टाकी नाहीत, शिवाईचे देऊळ नाही, आणि दोन मिनारांमध्ये उंच कमान तोललेली ती देखणी कमानी मशीदही नाही. डोंगराच्या अंगात बौद्धांनी कोरलेली सुमारे पन्नास लेणी आहेत. इथे एकही भोक नाही. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात शिवनेरी आहे. दुकानदाराने ती बातमी चिठ्ठीवर छापली आहे. गड पाहून येण्याचे मात्र राहून गेलेले दिसते.

आता रंग. पुण्यात कोथरूडला कै. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे. पुष्कळांनी ते मुलांना दाखवले असेल. या छंदातली माणसे रंगाच्या बाबतीत फार कडक. त्यांच्यात एकास सत्त्याऐंशी हे प्रमाण रूढ आहे, आणि डब्याच्या पट्टीचा रंग चुकला तर सारी गाडी खोटी ठरते. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली तेव्हा तिचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गर्द निळा, त्यावर सोनेरी रेघा. आता त्या संचाला नंतरच्या काळातला रंग दिला, तर गाडी कोणत्या सालची, हेच सांगता यायचे नाही. त्यांच्या लेखी रंग म्हणजे सजावट नव्हे, तारीख आहे.

हा न्याय किल्ल्याला लावून पाहा. दुकानातला डोंगर चॉकलेटी आहे आणि त्यावर पोपटी फवारा. आमचा कातळ करडा-काळा. पोपटी रंग खरा श्रावणातला. दिवाळीपर्यंत गवत वाळून पिवळे पडू लागते आणि उन्हे कलली की कडा तांबूस दिसतो. मावळ्यांना गुलाबी, हिरवे, पिवळे अंगरखे, एकजात चकचकीत. हा मावळा वर्षभर नांगर धरणारा, घोंगडी पांघरणारा गडी होता. त्याला वऱ्हाड्यासारखा का नटवावा? तरीही मावळ्यांचे रंग मी क्षम्य मानतो. कुंभाराच्या घरची बायका-मुले ते रात्री जागून रंगवतात, आणि लहान डोळ्यांना लाल-पिवळे हवे असते.

पण माथ्यावरचा भगवा आणि सिंहासनावरचे महाराज? इथे माझी लेखणी अडली, कारण ही तक्रार केवळ दुकानदारावर टाकता येत नाही. आम्हीही लहानपणी महाराजांना सर्वांत वरच बसवत होतो. राज्याभिषेक १६७४ सालचा, रायगडावरचा. आणि शिवनेरी? महाराज तिथे १६३० साली जन्मले, तेव्हा तो निजामशाहीचा होता. पुढे तो मोगलांकडे गेला, आणि महाराजांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही. १६७३ साली जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य गडावर जाऊन आला, तेव्हा तिथे मोगलांची शिबंदी होती आणि हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल इतकी सामग्री असल्याचे त्याने नोंदवले. स्वतःची जन्मभूमी डोळ्यांसमोर, आणि हाती मात्र नाही! या एका गोष्टीत केवढे नाट्य आहे! ते पुसून टाकून त्या जागी आपण एक सिंहासन ठेवतो.

हे सगळे मी नातवाला सांगितले. सुनेने डोळ्यांनी दटावले, “मामंजी, सणाच्या दिवशी कशाला?” पोराचा चेहरा खरेच उतरला. महाराजांची मूर्ती हातात धरून तो बराच वेळ उभा होता. माझी मलाच लाज वाटली. समीक्षकाने अंगणात जाऊ नये, असे वाटून मी आत येऊन पेपर उघडला.

तासाभराने त्याने हाक मारली. “आजोबा, महाराज जुन्नरला कधीच आले नाहीत का?” म्हटले, आले तर. १६५७ साली रात्रीच्या अंधारात तटाला शिड्या लावून शहरात शिरले, मोगलांचा खजिना आणि घोडे घेऊन गेले. एवढे ऐकून तो पळाला.

संध्याकाळी पणत्या लावताना पाहिले. सिंहासनावरचे महाराज आत कपाटात गेले होते. घोड्यावरचे महाराज डोंगराच्या पायथ्याशी, अंगणाच्या फरशीवर, गडाकडे तोंड करून उभे. त्यांच्यामागे आगपेटीच्या काड्यांच्या दोन शिड्या आणि सारे गुलाबी-हिरवे मावळे. प्लास्टरच्या कड्यावर पोराने ओली माती थापून तट निम्मा बुजवला होता. माथ्यावर एक पाळणा. आणि मोगलांची शिबंदी? दुकानात शत्रू मिळतच नाही. फार तर एखादा अफजलखान, आणि तो इथे उपयोगाचा नाही. म्हणून बुद्धिबळातली आठ काळी प्यादी सात दरवाज्यांवर पहाऱ्याला लावली होती, एक पाळण्यापाशी. बोगदा नव्हता, म्हणून आगगाडी डोंगराला वळसा घालून जात होती. तिचा रंग मी तपासला नाही.