वाडा आहे, मांड नाही

साताऱ्याला इंग्रजांचा एजंट म्हणून राहून गेलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात थोरल्या बाजीरावाची एक आख्यायिका आहे. शत्रूने चितारी पाठवला, पेशवा जसा दिसेल तसा रेखाटून आण म्हणून. चिताऱ्याने आणलेल्या चित्रात बाजीराव घोड्यावर होता. भाला खांद्यावर टेकलेला, लगाम घोड्याच्या मानेवर सैल सोडलेला, आणि दोन्ही हातांनी जोंधळ्याची कणसं चोळून दाणे खात तो चालला होता. ही गोष्ट आपण साधेपणाची म्हणून सांगतो. मी ती अश्वविद्येची म्हणून वाचतो. चालत्या घोड्यावर दोन्ही हात मोकळे ठेवायचे तर तोल लगामावर किंवा रिकिबीवर टाकून चालत नाही, तो कमरेत आणि मांडीत असावा लागतो. घोड्याच्या पाठीची हालचाल कमरेने झेलायची, खांदे मोकळे, श्वास संथ. आणि घोड्याचा स्वारावर असा विश्वास हवा की लगाम सुटला तरी त्याने चाल बदलू नये. पक्की मांड, निर्धास्त स्वारी म्हणतात ती हीच.

मराठीतल्या घराण्यांच्या कादंबऱ्या मी लहानपणापासून कोरेगावात वाचत आलो आहे. त्यांत भरधाव घोडे पुष्कळ भेटले. असा सैल बसलेला स्वार मात्र फार क्वचित भेटला. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मला महत्त्वाची वाटते.

आपली कादंबरी जन्मली तीच अद्भुतरम्य प्रेमकथेच्या पोटी. हळबेशास्त्र्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. १८७१ साली गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून प्रेमकथेला किल्ला आणि इतिहास मिळाला, आणि हरिभाऊ आपट्यांनी त्या इतिहासाला घर दिलं: सासू-सुना, बाप-लेक, वाड्यातली कुजबुज. पुढे १९६२ हे वर्ष आलं. रणजित देसाईंची ‘स्वामी’ आणि वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ ही दोन्ही त्याच वर्षीची. कानेटकर आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या रहिमतपूरचे, म्हणून सांगताना थोडा अभिमान वाटतो. शिवाजी-संभाजींचं नातं त्यांनी एका घरातल्या बाप-लेकाचं नातं म्हणून उभं केलं. रंगमंचावर घोडा आणता येत नाही, तेव्हा इतिहास दालनात येणं तिथे अटळच होतं, आणि त्यामुळे नाटक धारदार झालं. ‘स्वामी’चं बळही दालनातच आहे. माधवराव आणि रमाबाई यांच्यातली माया, चुलत्याशी असलेला पेच, खंगत जाणारा देह, हे सगळं देसाईंनी इतक्या हळुवार हाताने लिहिलं की पुढच्या दोन पिढ्यांना ऐतिहासिक कादंबरी म्हणजे असंच काही असतं असं वाटू लागलं.

तिथेच एक खोड लागली. ‘स्वामी’च्या वाटेने गेलेल्या कितीतरी कादंबऱ्यांनी वाडा नीट पाहिला, पैठणीचा काठ, समईची वात, अत्तरदाणी, सगळं पाहिलं. घोडा आला की मात्र एक वाक्य टाकून मोकळ्या झाल्या: टाच मारली आणि घोडा वाऱ्यासारखा निघाला. तो घोडा कधी चरत नाही, लंगडत नाही, त्याची पाठ लागत नाही, तंग ढिला होत नाही. रात्रभर भरधाव धावून सकाळी तो ताजातवाना असतो. खऱ्या घोड्याला पूर्ण वेगाची दौड काही मैलांपलीकडे झेपत नाही. लांबचा पल्ला कापायचा तो चाल आणि दुडकी आलटून पालटून, मधे उतरून, पाणी दाखवून. मराठ्यांच्या फौजा जे अंतर कापत ते या शिस्तीने कापत. ही शिस्त लिहिली असती तर वेगाचा थरार कमी न होता वाढलाच असता.

या प्रवाहात वेगळी उभी राहतात अशी थोडी पुस्तकं आहेत. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण वाढतो ते घर सूताचं आहे. घोडे आणि रथ हा त्या घराचा पिढीजात धंदा. अधिरथाच्या घरातली ती सुरुवातीची पानं, निघालेल्या रथामागे धावणारा धाकटा शोण, यांत कुटुंब आणि जनावर एकाच मायेच्या धाग्यात आहेत. मला त्यांच्याच ‘छावा’पेक्षाही ही पानं जवळची वाटतात. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’मध्ये (१९७२) प्रेमकथा आणि घराण्याची कोंडी जबरदस्त आहे, पण ज्या माणसाचं आयुष्य खोगिरावर गेलं त्याचं खोगीर मला तिथे हवं तेवढं दिसत नाही. २०१५ साली पडद्यावर आलेल्या बाजीरावाने तर त्याची उरलीसुरली धूळही झटकून टाकली. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने (१९८८) मात्र फौजेला पोट असतं, दाणावैरण तुटली की शौर्य उपाशी मरतं, हे वाचकाला अंगावर काटा येईल असं दाखवलं. वाचनालयांतून हातोहात फिरणाऱ्या लोकप्रिय कादंबऱ्यांचं, कोल्हापूरच्या बाबा कदमांपासून कितीजणांचं, मोल मी कमी लेखत नाही. आमच्याकडच्या बायकापुरुषांना वाचायची सवय लावली ती त्यांनीच. पण तिथला घोडाही बहुधा इनामदाराच्या रुबाबाचाच एक दागिना असतो.

आता याच्या शेजारी श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ठेवा. चार पिढ्या, दोन जाड खंड, आणि मधून वाहणारी जगबुडी. पेंडशांना ती खाडी, तिची भरती-ओहोटी, गाळ, होड्या अंगाने ठाऊक आहेत. म्हणून खोतांचं वैभव आणि ऱ्हास खरा वाटतो. घराणं काळावर वाहत जातं ते त्या पाण्यावर. देशावरच्या सरदार-शिलेदार घराण्यांच्या कादंबरीत जगबुडीची जागा घोड्याची होती. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा असलेला आणि बारगीर म्हणजे सरकारी पागेतला घोडा मिळालेला. घराचा मान, कर्ज, हुंडा, भावाभावांतली वाटणी, सगळं त्या एका जनावराशी बांधलेलं. घोडा मेला की शिलेदाराचा बारगीर व्हायचा. कादंबरीला यापेक्षा मोठा पेच कुठला हवा?

आणि असं नाही की मराठीला घोड्याबद्दल लिहिता येत नव्हतं. सभासदाच्या बखरीत पागेची रचना आहे: पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेलं पत्र तर माझ्या मते मराठीतलं घोड्यांवरचं सर्वांत जिवंत गद्य आहे. दाणा-वैरण आताच मनास येईल तशी उडवाल तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील, म्हणजे तुम्हीच ती मारलीत असं होईल. मग तुम्ही रयतेला नाडाल. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. किती बारीक नजर! पागेत राहून गेलेल्या माणसाचाच हा जिव्हाळा.

शास्त्राचीही परंपरा होती. शालिहोत्र आणि नकुल यांच्या नावावरची अश्वशास्त्रं, बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त लिहिलेले घोड्यांवरचे खेळ, तंजावरच्या भोसल्यांच्या सरस्वती महालात जपलेल्या पोथ्या. पण त्यांचा भर लक्षणांवर: रंग, भोवरे, शुभ-अशुभ, रोग आणि औषध. घोडा कोणता घ्यावा हे सांगणारे पुष्कळ. त्यावर बसलेल्या भित्र्या माणसाने काय करावं हे सांगणारे विरळ, कारण ते लहानपणीच पागेत शिकलं जाई. १८१८ नंतर फौजा मोडल्या, पागा ओस पडल्या, पुढे टांगा गेला, १९४८ साली एसटी आली. शिकवणारी घरंच उरली नाहीत आणि पुस्तकाने ती जागा भरली नाही. वाईच्या मराठी विश्वकोशात घोडा वाचायला मिळतो, पण पहिल्यांदा रिकिबीत पाय घालणाऱ्याच्या हाती द्यावं असं नीट मराठी पुस्तक मला आजवर मिळालेलं नाही.

पश्चिमेकडे ग्रीक झेनोफनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अश्वारोहणावर लिहिलं तेव्हाच बजावलं की घोड्याशी रागात व्यवहार करू नये. ती धार तिथे तुटली नाही. १९८५ साली सॅली स्विफ्ट या अमेरिकन शिक्षिकेचं ‘सेंटर्ड रायडिंग’ आलं. तिच्या पाठीच्या कण्याला लहानपणापासून बाक होता, म्हणून शरीराचा तोल ही तिला आयुष्यभर शिकावी लागलेली गोष्ट. तिचं सांगणं थोडक्यात असं: नजर एका बिंदूवर रोखू नका, सगळं मैदान दिसू द्या, श्वास पोटापर्यंत जाऊ द्या, तोल बेंबीखाली ठेवा, पाय, कंबर, छाती, डोकं एकावर एक रचा. घाबरलेला स्वार श्वास कोंडतो, गुडघे आवळतो, पुढे वाकतो, आणि घोडा त्याचा अर्थ ‘पळ’ असा घेतो. ही एवढी गोष्ट कळली तरी निम्मं भय जातं. त्याच १९८५ साली इंग्लंडात जिली कूपरची ‘रायडर्स’ ही घोडेस्वारांच्या प्रेमा-मत्सराची जाडजूड कादंबरी निघाली. वाङ्मय म्हणून तिची फार थोरवी सांगणार नाही, पण ती लिहिणारीला तबेल्याचा वास ठाऊक होता आणि वाचणारीलाही. एकीकडे स्वारी शिकवणारं पुस्तक, दुसरीकडे स्वारांची कथा, आणि दोन्हींचा वाचक एकच. आपल्याकडे ही दोन्ही टोकं एकमेकांना भेटलीच नाहीत.

भेटली असती तर कशी नायिका मिळाली असती? कागलच्या घाटग्यांची लेक आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांची सून बायजाबाई पाहा. १८३३ साली तिची सत्ता गेली. दोन वर्षांनी फत्तेगडच्या तळावर तिला फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई भेटली. इंग्रज स्त्रिया एका अंगाला दोन्ही पाय सोडून घोड्यावर बसतात हे बायजाबाईच्या गोटात कुणाला पटेना. मग फॅनीने मराठी पोशाख चढवला, मराठी खोगिरावर दोन्हीकडे पाय टाकून ती बसली, आणि आपली इंग्रजी रीत किती अडचणीची आहे हे तिने स्वतःच लिहून ठेवलं. पन्नाशी गाठलेली, राज्य गमावलेली, तरीही घोड्याच्या बाबतीत कुणाकडून शिकायची गरज नसलेली विधवा, आणि तिच्या सोबत नऊवारीत मांड टाकून बसणाऱ्या बायका! ज्या कादंबरीत नायक नायिकेला उचलून आपल्या पुढ्यात बसवतो ती लिहिणाऱ्याने हे एक पान वाचायला हवं होतं.

ज्ञान पुस्तकात नाही म्हणून ते संपलं असं मात्र नाही. माउलींच्या पालखी सोहळ्याची घडी बसवणारे हैबतबाबा साताऱ्याजवळच्या आरफळचे. त्या सोहळ्याचे घोडे आजही बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून चालत येतात. फलटण तालुक्यात चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं तेव्हा एक घोडा स्वारासह धावतो आणि माउलींचा घोडा मोकळ्या पाठीने. दुतर्फा हजारो माणसं, टाळमृदंगाचा कल्लोळ, आणि त्या चिंचोळ्या वाटेतून जनावर न बुजता जातं. त्याला असं तयार करणाऱ्या माणसांना कुणी विचारलंय का, की हे कसं करता? पुणे जिल्ह्यातल्या बैलगाडा शर्यतींत बैलांच्या पुढे घोडी पळवणारे स्वार आहेत. २०२१च्या डिसेंबरात शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मान्यता दिली, त्यावर रकाने भरून चर्चा झाली. त्या स्वाराच्या मांडेवर एक ओळ आली नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी घोडेवाले रोज घाबरलेल्या पाहुण्यांना बसवतात. रडणाऱ्या पोराला आणि आखडलेल्या बापाला दोन वाक्यांत सैल करण्याची त्यांची हातोटी म्हणजे अर्धं पाठ्यपुस्तक आहे. आमच्याकडे पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत खिलाराची पारख करणारा माणूस दात, खूर, चाल, शेपूट यांवर तासभर बोलतो. बैलाची भाषा अशी बोलती राहिली. घोड्याची भाषा थोड्या घरांत कोंडली गेली आहे.

त्यांतलं एक घर दरसाल आमच्या रस्त्यांवरून जातं. दिवाळी उलटली की माण-खटावचे धनगर मेंढरं घेऊन निघतात. घोड्यांवर सगळं बिऱ्हाड: वाघूर, भांडी, कोंबड्या, कोकरं, कधी वर बसवलेलं लेकरू. हे ठेंगणे, काटक भीमथडी घोडे, ज्यांच्या पूर्वजांवर मराठ्यांच्या फौजा फिरल्या. अलीकडेच त्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्यांच्याविषयी लिहायचं काम बाकी आहे. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने (१९५५) धनगरांची वस्ती मराठीला दिली, पण चालत्या बिऱ्हाडाची, तीन-चार पिढ्यांची, सोयरिकी वाटेवर ठरणारी, घोडीच्या शिंगरासोबत मुली वाढणारी कादंबरी अजून यायची आहे. ती धनगराच्या घरातल्याच कुणी लिहावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आणि ते स्वारीचं पुस्तक? ते मराठी रस्त्यावरचं हवं. समोरून भोंगा वाजवत एसटी आली तर घोड्याचं तोंड कुठे वळवावं, वरातीतल्या डीजेपुढे उभ्या घोड्याजवळ पोराला का नेऊ नये, उन्हाळ्यात किती वाजता खोगीर उतरावं, तंग किती आवळावा, भाड्याच्या घोड्याची पाठ लागलेली असेल तर बसायला नकार कसा द्यावा. पहिल्या प्रकरणात उतरायला शिकवावं, चढायला दुसऱ्यात. ज्याला उतरता येतं तोच निर्धास्त बसतो, हे वेण्णाकाठचा कुठलाही घोडेवाला सांगेल. चित्रं काढताना स्वार नऊवारीतलीही असावी आणि पन्नाशीची असावी.