शोधकाचे एकाकीपण : 'सिटी ऑफ ग्लास'च्या निमित्ताने

एडगर ॲलन पोच्या 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' (१८४१) या कथेतील दुपँ दिवसा खिडक्या बंद करून घरात बसतो आणि रात्री पॅरिसच्या रस्त्यांवर भटकतो. रहस्यकथेतील शोधक असा आरंभापासूनच समाजापासून अलग आहे. मात्र हे अलगपण त्याचे बळ ठरते. इतरांपासून दूर असल्यामुळेच तो इतरांच्या मनाचा ठाव घेऊ शकतो. शिवाय तो सर्वस्वी एकटा नसतो. त्याची बुद्धी पाहणारा आणि सांगणारा निवेदक-मित्र त्याच्यासोबत राहतो. होम्सजवळचा वॉटसन याच परंपरेतला. अभिजात शोधकाची अस्मिता या साक्षीदाराच्या आधाराने उभी असते.

पॉल ऑस्टरने 'सिटी ऑफ ग्लास'मध्ये (१९८५) हा आधारच काढून घेतला आहे. पत्नी आणि मुलगा गमावलेला क्विन 'विल्यम विल्सन' या टोपणनावाने रहस्यकादंबऱ्या लिहितो. पोच्या प्रतिरूपविषयक कथेचे हेच शीर्षक आहे, हे अर्थपूर्ण होय. चुकून आलेल्या दूरध्वनीवर 'पॉल ऑस्टर' या गुप्तहेराची विचारणा होते आणि क्विन ते नाव धारण करतो. भाषेच्या प्रयोगासाठी स्वतःच्या मुलाला वर्षानुवर्षे अंधारात कोंडणाऱ्या स्टिलमनवर त्याला पाळत ठेवायची असते.

स्टिलमनशी त्याच्या तीन भेटी होतात. क्विन पहिल्यांदा स्वतःचे खरे नाव सांगतो, दुसऱ्यांदा हेन्री डार्क हे स्टिलमनच्याच ग्रंथातील कल्पित नाव आणि तिसऱ्यांदा त्याच्या मुलाचे नाव. स्टिलमन त्याला एकदाही ओळखत नाही. म्हणजे खरे नाव आणि उसने नाव यांचे मोल एकच ठरते. कारण नावाला खरेपणा देणारी ओळख समोरच्याकडून यावी लागते आणि ती येतच नाही. पुढे गल्लीत पहारा देताना क्विन घर आणि पैसा गमावतो. आरशातील स्वतःचे रूपही त्याला परके वाटते.

या कादंबरीचा विचार बहुधा चिन्हांची क्रीडा म्हणून केला जातो. तिच्या रचनेत त्याला आधार आहे. तथापि एवढ्यावर थांबणे अपुरे होय. क्विनच्या विलयाचे मूळ भाषिक अनिश्चिततेइतकेच शोकातही आहे. धाकट्या स्टिलमनला पाहताच त्याला आपला मृत मुलगा आठवतो. स्वतःच्या मुलाला वाचवता आले नाही, निदान दुसऱ्याच्या मुलाला वाचवावे, ही त्याची प्रेरणा आहे. शोधाचा आरंभ तर्काने नव्हे, अपूर्ण राहिलेल्या पितृत्वाने होतो. अस्मितेचा प्रश्न येथे तात्त्विक होण्यापूर्वी नात्याचा प्रश्न आहे.

अखेरीस उरते ती लाल वही. तिची पाने संपत येतात तसा क्विनही विरत जातो. वही एका अनाम निवेदकाच्या हाती लागते. तो ती आस्थेने वाचतो आणि क्विनच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेने अस्वस्थ होतो. दुपँला जो साक्षीदार सहज लाभला होता, तो येथे अवतरतो, पण शोधक नाहीसा झाल्यानंतर. जुन्या रहस्यकथेत शेवटी गुन्हेगाराची ओळख पटत असे. येथे ओळख पटवून घेण्याची गरज शोधकालाच होती आणि ती वेळेवर पुरवली गेली नाही. ऑस्टरच्या कादंबरीची करुणा या विलंबात आहे.