नव्वद व्हेरियंट आणि रेंज गेलेली वाडी

समजा, पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर भर पावसात डोंगराला भेग पडली आहे. पोलीस पाटील मोबाइलवर फॉर्म भरतात, फोटो जोडतात आणि 'माहिती पाठवा' हे बटण दाबतात. नेमकी तेव्हाच रेंज जाते. आता त्या बटणाने काय दाखवायला हवं? हा प्रश्न डोक्यात ठेवून पुढे वाचा, कारण आजच्या साधनांची परीक्षा मी याच प्रश्नावर घेणार आहे.

आधी साधन समजून घेऊ. फिगमासारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच बटणाची वेगवेगळी रूपं 'व्हेरियंट' म्हणून एकत्र ठेवतात: साधं, माउस वर नेल्यावरचं (हॉवर), दाबलेलं, फोकस आलेलं, निष्क्रिय. कशाने कुठल्या रूपात जायचं हे जोडून दिलं की प्रोटोटाइपमधलं बटण खऱ्यासारखं वागतं. काम सोपं, पण भयंकर कंटाळवाणं. तीन प्रकार, तीन आकार, पाच अवस्था, चिन्हासह किंवा चिन्हाविना, म्हणजे 3×3×5×2 = 90 व्हेरियंट, तेही एका बटणाचे! नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला. भाषा-मॉडेलला बाहेरची साधनं वापरता यावीत यासाठीची ही एक सामाईक पद्धत. अशा जोडणीतून एआय एजंट डिझाइनची फाइल वाचू शकतो, रूपं तयार करू शकतो, त्यांना नावं देऊन एकमेकांशी जोडू शकतो.

याचा फायदा खरा आहे, तो नाकारू नका. नव्वद चौकोनांना हाताने नावं देताना कुठेतरी चूक होतेच. माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो दोन पातळ्यांवर आहे.

पहिला आक्षेप रचनेचा. डेव्हिड हॅरेल यांनी 1987 मध्ये 'स्टेटचार्ट' मांडले. त्यातला आपल्या कामाचा मुद्दा असा: व्यवस्था एकाच वेळी अनेक समांतर अवस्थांत असू शकते. आता वरच्या पाच अवस्था पुन्हा बघा. हॉवर, दाबणं आणि फोकस हे माणूस काय करतोय ते सांगतात. निष्क्रिय ही व्यवस्थेची अट आहे. आणि 'माहिती कुठवर पोहोचली' ही तिसरीच गोष्ट, जी यादीत नाहीच. बटणावर फोकस असतानाच माहिती जात असू शकते. पण सगळं एकाच 'अवस्था' नावाच्या खान्यात कोंबलं की अशी जोडी दाखवायला जागाच उरत नाही. एजंटला अशी फाइल दिली तर तो तीच चूक नीटनेटकेपणाने नव्वद वेळा करून देईल. शिवाय नुसत्या बोटाने चालणाऱ्या फोनवर हॉवरचा उपयोग काय?

दुसरा आक्षेप जागेचा. 22 जुलै 2021 आठवा. महाड शहर पुरात होतं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली आणि 80 हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडींनी बळी घेतले. रस्ते बंद, संपर्क तुटलेला. अशा दिवशी बटणाला किमान चार अवस्था लागतात: 'पाठवत आहे', 'फोनमध्ये जतन, अजून गेलेली नाही', 'पोहोचली' आणि 'कार्यालयात कुणीतरी पाहिली'. यातल्या दुसऱ्या अवस्थेला चुकून हिरवी खूण मिळाली, तर पाटील समजतील की निरोप गेला. ते मदतीची वाट बघत बसतील, आणि तिकडे कुणाला काहीच माहीत नसेल.

सांगितलं तर एजंट या चारही अवस्था काढून देईल, अगदी सुबक. पण काय सांगायचं हे फाइलमध्ये नसतं, ते वाडीवर जाऊन विचारावं लागतं. माझ्याही पहिल्या आराखड्यात 'यशस्वी' आणि 'अयशस्वी' एवढंच होतं, आणि तो मी एजंटविनाच केला होता!

आपोआप होणाऱ्या तपासणीवरही विसंबू नका. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान 4.5:1 हवा, पण निष्क्रिय बटणाला यातून सूट आहे. म्हणजे फिकट राखाडी बटण तपासणीत पास होतं. भिजलेल्या स्क्रीनवर ते वाचता येतं का आणि ते का चालत नाही हे कळतं का, हे ती तपासणी विचारतच नाही.

आता तुमच्या संशोधनाकडे येऊ. 'एजंटमुळे किती वेळ वाचला' आणि 'किती व्हेरियंट झाले' एवढंच मोजणार असाल, तर थांबा. सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर तक्ता करा: आधीची अवस्था, घडलेली घटना, नंतरची अवस्था, माणसाला दिसणारे शब्द. तो प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना वाचून दाखवा. मग एजंटचं काम त्याच्याशी ताडून पाहा. कोणती अवस्था राहिली? कोणत्या अवस्थेत पोहोचताच येत नाही? कोणती जोडणी चुकली?

आणि तुलनेसाठी हाताने काम करणारा गट ठेवायला विसरू नका. माझा अंदाज असा की हाताने काढताना माणूस मध्येच थांबतो आणि 'इथे रेंज नसेल तर?' असं स्वतःला विचारतो. पण हा अंदाजच आहे. तो चूकही ठरेल, म्हणून तर तो तपासायचा.

राहिला पाटलांचा प्रश्न. माझ्या आत्ताच्या मसुद्यात बटणाखाली हे शब्द आहेत: 'माहिती फोनमध्येच आहे, अजून पोहोचलेली नाही. थांबू नका, दुसऱ्या मार्गाने कळवा.' हे शब्द पुरेसे आहेत का, हे मी ठरवून उपयोग नाही. पुढच्या पावसाळ्याआधी ते वाडीवर वाचून दाखवायचे आहेत.