जाळण्यासाठी घडवलेली मूर्ती



केळापूरला, जगदंबेच्या गावी, सार्वजनिक शिल्पकलेवर बोलायचे ठरले तेव्हा पहिला प्रश्न आम्हालाच पडला: इथे तसे शिल्प दाखवायचे कुठले? मग पोळा आठवला. पोळ्याला आपल्याकडे दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उचलायच्या आणि रोगराई, इडापीडा मारबतीच्या नावाने हाकलत शिवेबाहेर टाकायच्या. उत्सवातली उघड्यावरची कला अशी घराच्या उंबऱ्यापासून सुरू होते. तिचे मोठे रूप म्हणजे नागपूरची मारबत. आज तिच्याकडे जरा समीक्षकाच्या नजरेने बघू.

आधी दोन साले ध्यानात घ्या. १८७९ मध्ये मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, अश्वारूढ ब्राँझ पुतळा उभा राहिला. शिल्पकार जोसेफ बोएम, देणगी अल्बर्ट ससून यांची. नागपूरची काळी मारबत १८८१ पासून निघते असे मानतात, पिवळी १८८५ पासून. एक शिल्प कायम टिकावे म्हणून ओतलेले. दुसरे बांबू, कागद, कापडाचे, जाळण्यासाठीच घडवलेले. आता सांगा, टिकले कोणते? पुतळा १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. मारबत दर तान्ह्या पोळ्याला जळते आणि पुढच्या वर्षी पुन्हा येते!

मुंबईकरांनीही गंमत केली. त्यांनी राजाचे नाव घेतलेच नाही, जागेला म्हणाले 'काळा घोडा'. तिथे १९९९ पासून कलामहोत्सव भरतो. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, तो स्वाराविना. लोकांनी नाव देतानाच केलेली समीक्षा शिल्पाने शेवटी मान्य केली, असे आम्हाला वाटते.

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६ च्या निबंधात कलाकृतीची दोन मूल्ये सांगितली: पूजामूल्य आणि प्रदर्शनमूल्य. महोत्सवातली मांडणशिल्पे बहुधा दुसऱ्यात बसतात. बघायचे, फोटो काढायचा, पुढे जायचे. मारबत मात्र पुजली जाते, मिरवली जाते आणि लोकांच्याच हातून संपते. या तिसऱ्या गोष्टीला आम्ही विसर्जनमूल्य म्हणू. कला चौकात उभी केली एवढ्याने सार्वजनिक होत नाही. तिचा शेवट कोण ठरवतो, तेही बघावे लागते.

पण आपली म्हणून तिला सूट नको. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेल्या बांकाबाई भोसले, अशी समजूत आहे. इतिहास काय सांगतो? १८१८ मध्ये अप्पासाहेबांना पदच्युत केल्यावर अल्पवयीन राजाच्या वतीने बांकाबाई होत्या खऱ्या. पण कारभाराची सूत्रे रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती होती. मग जळते कोण? जेन्किन्स सुटला, विधवा राणी सापडली. इंग्रज जाऊनही पाऊणशे वर्षे झाली, बाई अजून जळतेच आहे. लोककला निर्भय असते हे खरे. ती न्यायी असतेच असे नाही.

मारबतीबरोबर बडगे निघतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे. छान असतात, आम्ही मनसोक्त हसतो. पण ती दुखणी बहुतेक दूरची, दुसऱ्या कोणाची तरी असतात. आपण कपाशीच्या मुलखात राहतो. इथे कर्जाने घरे बसलेली आपण पाहिली आहेत. कर्ज काढून लग्न थाटात लावायचे, हुंडा द्यायचा, घ्यायचा, याचा बडग्या आपल्याच गल्लीत कोण काढील? त्यात आपलाच चेहरा दिसेल ना!

म्हणून आम्हाला त्या पळसाच्या फांदीचे मोल अधिक वाटते. तिच्यात कारागिरी नाही, नाक-डोळे नाहीत. पण ती आपण स्वतःच्या दारातून उचलतो, शेजाऱ्याच्या नाही. इडापीडा आधी आपल्या घरात आहे, एवढी कबुली तिच्यात असते. मोठ्या शिल्पांकडूनही आमची अपेक्षा एवढीच आहे.

इथे थांबतो. आता तुम्ही बोला, आम्ही ऐकतो.