वाळवंटाची माहितीपुस्तिका : एक समीक्षा

प्रवासवर्णनांवर मराठीत भरपूर समीक्षा होते. पण ज्या वाङ्मयाला भुलून माणूस मुळात घराबाहेर पडतो, त्या सहलवाल्यांच्या माहितीपुस्तिकेकडे कोणी समीक्षक वळत नाही. ते काम बँकेतल्या कारकुनाने करायचं. छापील कागदावर संशय घेण्याचाच आम्हांला पगार मिळतो.

प्रस्तुत पुस्तिका जैसलमेरच्या राष्ट्रीय मरुउद्यानावर आहे. पानं आठ, कागद गुळगुळीत. तंबूतला मुक्काम, पायी भटकंती वगैरे. शैली प्रसन्न, पण ताळेबंद एकतर्फी. जमेच्या बाजूला तारे लक्षावधी. नावे बाजू कोरी. उन्हात दिवसभर चालायचं तर माणशी चार-पाच लिटर पाणी लागतं. पुस्तिकेत बाटली एकच, तीही एका तरुणीच्या हातात, शोभेला. जानेवारीतली तिथली रात्र हाडं गोठवते, पण चित्रातला कुटुंबप्रमुख अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून शेकोटीपाशी हसतो आहे. पानोपानी वाळूच्या टेकड्या. प्रत्यक्षात ३,१६२ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात टेकड्यांचा वाटा जेमतेम पंचमांश; बाकी खडक आणि गवताचे माळ.

पुस्तिका निमोण्याला तात्यांना दाखवली. ७२च्या दुष्काळात खडी फोडलेला माणूस. चष्मा पुसून म्हणाले, "आरं, ह्यो तर आपला वरचा माळ! चैतात ये की हितं. पैसं नगं."

या पुस्तिकेवर इतकं नेमकं भाष्य मला साधलं नसतं. तिकीट काढून पाहिला की तो निसर्ग, आणि गावाशेजारी असला की पडीक! उद्यानाचा खरा नायक माळढोक. वजन १५ किलोपर्यंत, वर्षाकाठी अंडं बहुधा एकच. समोरचं नीट दिसत नाही म्हणून विजेच्या तारांवर आदळतो. देशात दोनशेही उरले नाहीत. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. आज तिथे तो दिसला तर बातमी होते. गवताळ माळ 'पडीक' म्हणून नांगरले, त्यावर ऊस आला, आणि पक्षी गेला. पुस्तिकेत उंटाची सात छायाचित्रं आहेत, माळढोकाचं एकही नाही.

सहलीला जरूर जावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पाणी आणि स्वेटर घेऊन. पुस्तिकेवर मात्र आमचा शेरा : नोंदी अपुऱ्या. मुख्य खातेदाराच्या नावासह पुन्हा सादर करावी, तो हयात आहे तोवर.