वेगाचा आकडा पुरेसा आहे का?

नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. खरी नोट हातोहात फिरते. दर वेळी तिची नोंद कुठेच करावी लागत नाही. क्रिप्टोकरन्सीत मात्र नोट नसतेच, फक्त नोंदवही असते. जाळ्यातील प्रत्येक तपासनीस संगणक तिची प्रत ठेवतो आणि प्रत्येक व्यवहार स्वतः पडताळतो.

ही पडताळणी वेगाला मर्यादा घालते. बिटकॉइनमध्ये साधारण दहा मिनिटांना नोंदवहीचे एक पान भरते. २०१७ पर्यंत पानाची मर्यादा १० लक्ष बाइट होती. एका व्यवहाराला २५० बाइट धरले, तर पानावर ४,००० व्यवहार, म्हणजे सेकंदाला जेमतेम सात!

इथेरियमच्या जाळ्याचीही अशीच अडचण होती. तीवर उपाय म्हणून २०१७ मध्ये जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी मुंबईत 'मॅटिक' सुरू केले. आज ते 'पॉलिगॉन' म्हणून ओळखले जाते. व्यवहार उपसाखळीवर करायचे आणि ठरावीक काळाने त्यांचा गोषवारा मुख्य साखळीवर नोंदवायचा, ही त्यांची कल्पना. ती सुबोध आहे, उपयोगीही ठरली आहे. त्यांच्या आराखड्यात सेकंदाला १०,००० व्यवहारांचा दावा होता. आमचा आक्षेप आहे तो या आकड्याच्या मांडणीला.

एक तर हा आकडा अंतर्गत चाचणीतला. दुसरे असे की, उपसाखळीवर शिक्कामोर्तब करणारे तपासनीस सुमारे शंभरच. मुख्य साखळी त्यांच्या सह्या तपासते, प्रत्येक व्यवहार नव्हे. शाळेच्या पटसंख्येचा गोषवारा केंद्रप्रमुखांकडे जातो. ते मुख्याध्यापकांची सही पाहतात, मुले मोजत बसत नाहीत. तसेच हे.

नुसता वेग हवा असेल, तर तो दुर्मिळ नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर सुमारे २,००० कोटी व्यवहार झाले, म्हणजे सेकंदाला सरासरी साडेसात हजार. पण तेथे आपण बँका आणि एक मध्यवर्ती संस्था यांच्यावर विश्वास टाकलेला असतो. तो टाकावा लागू नये म्हणून तर क्रिप्टोकरन्सीचा खटाटोप!

म्हणून 'सेकंदाला इतके व्यवहार' असे वाचताना विद्यार्थ्यांनी आणखी दोन आकडे मागावेत: तपासणारे किती, आणि तपासायला किती मोठा संगणक लागतो? ते दिलेले नसतील, तर दोन जाळ्यांची तुलना करता येत नाही.